बाळंतिणीचं भूत कोण करतं?

रात्रीच्या भूतफेऱ्यांना आता एक ठरलेलं रूप आलं आहे. जुन्या शहरातला एखादा दरवाजा, अंधार पडल्यावर तिथे जमलेली पंधरा-वीस माणसं, हातात कंदील नाहीतर मोबाइलचा दिवा, आणि पुढे चालणारा एक बोलका गाइड. तो पाच-सात ठिकाणी थांबतो आणि प्रत्येक थांब्यावर एक मरण सांगतो. शेवटी आवाज खाली आणून म्हणतो, ‘अमावास्येला इथे अजून ऐकू येतं.’ कोणी दचकतं, कोणी खुदकन हसतं, आणि मंडळी पुढे सरकतात. इंग्लंडातल्या यॉर्क शहरात अशी फेरी १९७३ पासून चालते. स्कॉटलंडच्या एडिंबरात तर काही फेऱ्यांत गाइडचा साथीदार कोपऱ्यात लपून बसतो आणि नेमक्या क्षणी अंगावर उडी मारतो. आपल्याकडे दिल्लीत २०२३ मध्ये सरकारी पर्यटन खात्यानेच अशा फेऱ्या सुरू केल्या. पुण्याच्या शनिवारवाड्याबद्दल तर सांगायलाच नको, तिथलं भूत आपल्याला शाळेपासून पाठ आहे.

मी हा प्रकार एक कला म्हणून बघते, कारण तो आहेच तसा. कीर्तनासारखा, पोवाड्यासारखा. सांगणारा, ऐकणारे आणि जागा, तिन्ही लागतात. मग जशी आपण कादंबरीची किंवा नाटकाची चिकित्सा करतो तशी याचीही करायला हवी. ‘काय ते पोरांचे खेळ’ म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही. आपली मुलं इतिहासाच्या पुस्तकापेक्षा अशा फेरीत ऐकलेलं जास्त लक्षात ठेवतात.

ही चिकित्सा करायची वेळ माझ्यावर घरातूनच आली. माझा भाचा पदवी घेऊन दोन वर्षं बसून आहे. पॉवरलूमच्या कारखान्यात हिशेब लिहितो, पण त्यात त्याचा जीव नाही. त्याचं म्हणणं असं की बुऱ्हाणपुरात पाहुणे येतात, किल्ला बघतात, मावा जिलेबी खातात आणि संध्याकाळी निघून जातात. रात्री थांबायला त्यांच्यापाशी कारण नाही. ते कारण द्यायचं म्हणजे भूतफेरी. त्याने एक वही भरून मजकूर लिहिला. रात्री साडेनऊला शनवारा दरवाज्यापाशी जमायचं, तिथून चालत शाही किल्ला, मग राजघाटावर तापीकाठी शेवट. तापीपलीकडचा आहूखाना, खरबुजा महाल, कुंडी भंडारा आणि असीरगड यांच्या कथा वाटेत सांगायच्या. वही माझ्या हातात देऊन म्हणाला, ‘मावशी, तू लिहितेस. वाच आणि खरं सांग.’

वही वाईट नव्हती, हे आधी सांगते. भाषा चुरचुरीत, पल्लेदार वाक्यं नाहीत. अश्वत्थाम्याची कथा तर झकास उतरली होती. असीरगडावरच्या महादेवाच्या पिंडीवर पहाटे ताजं फूल दिसतं आणि ते अश्वत्थामा वाहून जातो, ही आमच्या भागातली घरोघरची गोष्ट. तिच्यात भीती आहे, पण कीवही आहे. कपाळावरची जखम घेऊन, मरण न मिळालेला माणूस. त्याने काय पाप केलं ते सगळ्यांना ठाऊक असतं. झोपेतली मुलं मारली त्याने. म्हणजे त्याचं भटकणं कुठल्या तरी कर्माला जोडलेलं आहे. कथा त्यामुळेच टिकली.

आता मुमताजचा थांबा बघा. वहीत लिहिलं होतं की किल्ल्यातल्या हमामात तिची रूह फिरते, रात्री बाईच्या कण्हण्याचा आवाज येतो, आणि आहूखान्याजवळ पांढऱ्या वस्त्रातली बाई दिसते. हे त्याने मनचं रचलेलं नाही. गावात असंच बोललं जातं. पण मला एक प्रश्न पडला. अश्वत्थाम्याने मुलं मारली म्हणून तो भटकतो. मुमताजने काय केलं? तिने मुलं जन्माला घातली. चौदा.

अर्जुमंद बानू हे तिचं नाव. १६१२ मध्ये लग्न झालं आणि १७ जून १६३१ रोजी बुऱ्हाणपुरात ती गेली. मधली वर्षं एकोणीस. तिच्या चौदा मुलांपैकी सातच जगली. चौदाव्या वेळी ती अडतीस वर्षांची होती आणि नवऱ्याच्या दक्षिणेतल्या मोहिमेसोबत आमच्या गावी आली होती. तीस तास कळा दिल्या असं सांगितलं जातं. मुलगी झाली, गौहर आरा. आई गेली. तापीच्या पलीकडे जैनाबादच्या शाही बागेत, म्हणजे आहूखान्यात, तिला पुरलं आणि डिसेंबरमध्ये तो देह आग्र्याला नेला. (जैनाबाद या नावाने आपल्यातल्या काहींना उगाच आनंद होतो. ते शेख झैनुद्दीन यांच्या नावावरून पडलं आहे, आपल्यावरून नाही.) देहाबरोबर मुलगा शुजा होता आणि सती-उन-निसा नावाची तिची विश्वासातली बाई होती. आणि ती नवजात मुलगी? ती १७०६ पर्यंत जगली. पंचाहत्तर वर्षं. हे मला कुठल्याच भूतकथेत सापडलं नाही. बाळ जगलं, हे सांगितलं की भीती कमी होते ना!

वहीत पुढचा थांबा खरबुजा महालाचा. तिथेही एक ‘अतृप्त आत्मा’. ही कोण? बिल्किस बानू, शाह शुजाची पहिली बायको, मुमताजची सून. १६३३ च्या मार्चमध्ये लग्न झालं. पुढच्याच वर्षी मुलीला जन्म देताना गेली. सासू गेली त्यानंतर तीन वर्षांत, त्याच घराण्यात, त्याच कारणाने. भूतफेरीत या दोन वेगळ्या भुतांच्या दोन वेगळ्या गोष्टी होतात. शेजारी शेजारी ठेवून कोणी बघत नाही. बघितलं तर भुताची गोष्टच उरत नाही, बाळंतपणाची उरते.

मी भाच्याला म्हटलं, ‘तुझ्या वहीत पाच थांबे आहेत, त्यातले तीन बाळंतिणींचे. हे तुझ्या लक्षात आलं का?’

तो म्हणाला, ‘मावशी, लोकांना बाईचं भूतच आवडतं. बुवाचं भूत कोणी बघायला येत नाही.’

उत्तर हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ते खरं आहे आणि फार जुनं आहे. मराठीत भुतांच्या जाती मोजा. गरोदरपणात किंवा बाळंतपणात मेली तर अळवंतीण. हडळ, जखीण, डाकीण, सगळ्या बायकाच. काही गावांत बाळंतीण गेली की तिला नेताना वाटेवर राळे किंवा मोहरी टाकत जायचे. का, तर ती परत यायला निघाली तर दाणे वेचत बसेल आणि घरापर्यंत पोचणार नाही. जरा विचार करा. जिला जिवंतपणी दाई वेळेवर मिळाली नाही, रक्त थांबवायला कोणी आलं नाही, तिच्या मरणानंतर मात्र बंदोबस्त चोख. आणि हे सगळं ‘त्यांच्यात’ होतं असं म्हणून आपण सुटत नाही. ओल्या बाळंतिणीच्या उशाखाली अडकित्ता नाहीतर चाकू ठेवणं आपल्या घरांतही चालत आलं आहे. माझ्याही उशाखाली होता. टोचायचा.

खरं तर आपल्या शास्त्रात अशा भटकणाऱ्या बाईला जागाच नाही. भूत आणि पिशाच हे शब्द आपल्याकडे आहेत, पण ते व्यंतर देवांच्या आठ प्रकारांतले. किन्नर, गंधर्व, यक्ष यांच्या पंक्तीत बसणारे. ती एक स्वतंत्र योनी आहे. तिच्यात जन्म घ्यावा लागतो, तिचं आयुष्य ठरलेलं असतं. मरण आणि पुढचा जन्म यांच्यामध्ये जीव किती काळ असतो? तीन-चार समय. समय म्हणजे काळाचा सगळ्यात बारीक तुकडा, डोळ्याची पापणी लवायला असे असंख्य लागतात. म्हणजे मेलेली माणसं हमामात, वाड्यात, पिंपळावर अडकून राहतात हे आपल्या हिशेबात बसत नाही. अर्जुमंद बानूचा जीव जिथे जायचा तिथे केव्हाच गेला. अडकलो ते आपण. तिला तिथे उभी करून ठेवण्यात आपल्याला काहीतरी मिळतं.

काय मिळतं? सुटका. भूत म्हटलं की कारण विचारावं लागत नाही.

हे फक्त बुऱ्हाणपुरात होतं असं नाही. शनिवारवाड्याचंच घ्या. ३० ऑगस्ट १७७३, ऐन गणेशोत्सवात गारद्यांनी नारायणरावाचा खून केला. पोरगा अठरा वर्षांचा. त्याची ‘काका मला वाचवा’ ही हाक अमावास्येला ऐकू येते, असं सांगितलं की थांबा रंगतो. त्यात खलनायिका ठरलेली, आनंदीबाई. तिने ‘ध’ चा ‘मा’ केला. यावर इतिहासकारांत वाद आहे, तिच्या हातच्या त्या बदलाचा निर्विवाद पुरावा नाही. रामशास्त्र्यांनी दोषी धरलं ते राघोबादादांना. पण फेरीत रामशास्त्र्यांचा निवाडा दोन वाक्यांत संपतो आणि बाईची लेखणी पाच मिनिटं चालते. त्या दिवशी वाड्याशी बांधलेली आणखी एक बाई होती, नारायणरावाची बायको गंगाबाई. तिला नुकतेच दिवस गेले होते. पुढे बारभाईंनी तिला पुरंदरावर सुरक्षित ठेवलं आणि १८ एप्रिल १७७४ रोजी ती बाळंत झाली. सवाई माधवराव. सारी पेशवाई त्या एका बाळंतपणाकडे डोळे लावून बसली होती. मला विचाराल तर खुनाइतकीच थरारक गोष्ट ही आहे. नवऱ्याचा खून झालेली तरुण बाई, पोटात मूल, बाहेर मारेकऱ्यांचं राज्य, आणि मुलगा होतो की मुलगी यावर गादी. पण गंगाबाई बाळंतपणात मेली नाही. तिची हडळ झाली नाही. म्हणून तिला थांबाही नाही.

दिल्लीच्या सरकारी फेऱ्यांची सुरुवात मालचा महालापासून झाली. जंगलातली तुघलकाच्या काळातली पडकी शिकारगाह. तिथे बेगम विलायत महल नावाची बाई १९८५ पासून मुलं आणि कुत्री घेऊन राहत होती. आपण अवधच्या नवाबांच्या वंशातल्या आहोत असं ती सांगायची. त्याआधी कित्येक वर्षं तिने नवी दिल्लीच्या रेल्वे स्टेशनातल्या प्रतीक्षालयात ठिय्या दिला होता. १९९३ मध्ये तिने आत्महत्या केली. हिऱ्याची भुकटी खाऊन, असं सांगतात. झाली भुताची गोष्ट तयार. २०१९ मध्ये एलन बॅरी या अमेरिकन पत्रकार बाईने या घराण्याचा माग काढला. राजघराणं वगैरे काही नव्हतं. विलायत ही लखनौ विद्यापीठातल्या एका अधिकाऱ्याची विधवा होती. फाळणीत घर सुटलं, पाकिस्तानात गेली, तिथे वेड्यांच्या इस्पितळात काढलं, आणि मग डोक्यात एक महाल घेऊन परत आली. आता सांगा, यातली अंगावर काटा आणणारी गोष्ट कोणती? महालात फिरणारी बेगम की फाळणीने डोकं फिरवलेली, कुणाचीच न उरलेली विधवा? जी खरोखर भयंकर आहे ती फेरीला परवडत नाही. कारण तिच्यानंतर टाळ्या वाजत नाहीत.

भूतफेरीचा मुख्य दोष मला हाच वाटतो. ती घाबरवते ही तक्रार नाही. ती पुरेशी घाबरवत नाही ही तक्रार आहे. दरवाजा करकरला, दिवा विझला, पोरी किंचाळल्या, झालं. घरी जाऊन गाढ झोप.

मुमताज गेली त्या काळात आमच्या या गावात काय चाललं होतं ते ऐका. १६३० ते १६३२ हा गुजरात-दख्खनचा महादुष्काळ. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी सुरतेहून आग्र्याला जाताना याच वाटेने गेला आणि रस्त्यावर पडलेली प्रेतं बघत गेला. शहाजहानने बुऱ्हाणपुरात लंगर उघडले आणि दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांत वाटायचा हुकूम केला. वीस सोमवार, एक लाख रुपये. सरकारी बखरकाराने ही रक्कम नीट लिहून ठेवली. मेलेल्या बायकांची नावं कोण लिहिणार? एकीचं तेवढं आपल्याला माहीत आहे, तेही नवरा संत झाला म्हणून. तुकोबांची पहिली बायको रखमाबाई याच दुष्काळात भुकेने गेली. देहूला रखमाबाई, बुऱ्हाणपुरात मुमताज. एकीला अन्न नव्हतं आणि दुसरीला शरीराला विसावा नव्हता. एकीसाठी संगमरवर आला, दुसरीसाठी काही नाही. किल्ल्याच्या भिंतीपाशी अंधारात उभं राहून एवढंच कोणी सांगितलं तर मला नाही वाटत की कोणाला हसू येईल.

कुंडी भंडाऱ्याचंही तसंच. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ मध्ये, सातपुड्यातलं झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून गावात आणलं. वर शंभरावर कुंड्या, विहिरींसारख्या एका ओळीत. चारशे वर्षं पाणी चालू आहे. आणि लोकांच्या तोंडी नाव काय? खूनी भंडारा! भाच्याच्या वहीत साहजिकच खून आला होता, पाणी राहून गेलं होतं. बुऱ्हाणपूरच्या किती पिढ्यांच्या बायकांच्या डोक्यावरचा हंडा त्या पाण्याने हलका केला असेल, हे लिहायला कोणाला सुचत नाही.

कोणी म्हणेल, बाई, करमणूक आहे, एवढं काय मनावर घेता. घेते, कारण गोष्ट फेरीपुरती राहत नाही. सातपुड्याच्या पाड्यांवर आजही एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारझोड होते. महाराष्ट्राला त्यासाठी २०१३ मध्ये कायदा करावा लागला. शहरात तिकीट काढून ज्या बाईला आपण भितो, तिच्याच नावाने गावात दुसरीला बडवतात. आणि बाळंतपणाचं मरण ही काही मुघलांच्या काळातली गोष्ट नाही. सरकारच्याच २०१८-२० च्या आकड्यांप्रमाणे एक लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात ३३ आया दगावत होत्या, मध्य प्रदेशात १७३. शनवाऱ्यातून बसमध्ये बसलं तर तास-दीड तासात आपण महाराष्ट्रात असतो. तेवढ्या अंतरात आकडा पाचपट होतो. यांतल्या कित्येक रक्त जाऊन जातात. अंगात मुळातच रक्त कमी, दवाखाना लांब, गाडी उशिरा. त्यांच्यापैकी कोणी पांढऱ्या साडीत फिरत नाही. फिरल्या असत्या तर निदान मोजल्या तरी गेल्या असत्या.

म्हणून मी भाच्याला फेरी बंद कर म्हटलं नाही. रात्री पायी चालणं, जुन्या गावाकडे थांबून बघणं, अनोळखी लोकांनी एकत्र गोष्ट ऐकणं, यात काही वाईट नाही. बायकांना तर रात्री दहा वाजता आपल्याच गावातून निवांत चालायला मिळणं हाच केवढा नवा अनुभव! आपले साधू-साध्वीजी रात्री विहार करत नाहीत, आणि दिवसासुद्धा चार हात पुढची जमीन बघून पाऊल टाकतात, पायाखाली जीव येऊ नये म्हणून. फेरीवाल्याने एवढाच नियम पाळावा. कथा सांगताना कोणाच्या मरणावर आपला पाय पडतो आहे, ते बघून बोलावं. आणि मोहल्ल्यातल्या माणसांचाही विचार व्हावा. भाच्याला किल्ल्याच्या वाटेवर शांतता हवी होती. मी म्हटलं, ‘अरे, आजूबाजूला रात्रपाळीचे पॉवरलूम खटखटत असतात, ते काय तुझ्या भुतासाठी बंद ठेवणार? त्या खटखटीचीच गोष्ट सांग. मुघलांच्या काळापासून हे कापडाचं गाव आहे.’

तो नाराज झाला. म्हणाला, ‘मावशी, असं सांगितलं तर लोक रडतील, परत येणार नाहीत.’ असेल. धंद्याचं गणित त्याला माझ्यापेक्षा कळतं. पण रडायला लावणारी गोष्ट लोक विसरत नाहीत, हे मला प्रवचनं आणि कीर्तनं ऐकून कळलं आहे. वही त्याच्याकडे परत गेली आहे, समासात माझी टिपणं घेऊन. काय ठेवायचं ते तो ठरवेल.

तुम्हाला मात्र एक सांगते. उद्या पुण्यात, दिल्लीत किंवा आमच्याकडे मुलाबाळांना घेऊन अशा फेरीला गेलात तर जरूर जा. दिवा विझला तर मुलांचा हात घट्ट धरा. आणि गाइड एखाद्या बाईच्या भुतापाशी थांबला की त्याला दोनच गोष्टी विचारा. तिचं नाव काय होतं? आणि ती कशाने गेली?